भावोजींचं ॲव्हरेज

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात जाऊन दुकानदारांचे तराजू तपासायचे, पेट्रोल पंपावर माप पुरं पडतंय का बघायचे, आणि खोट सापडली की तिथल्या तिथे सील ठोकून यायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण खातं काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. आमच्याकडे जेवायला आले की वाढलेल्या ताटाकडे अशा नजरेने बघतात की मला उगाचच आपण काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. माणूस सरळ आहे. इतका सरळ की फार जवळ उभं राहिलं तर टोचतो.

ताईचं तसं नाही. ताई मऊ. तिच्या मांडीवर कायम लोकरीचा गुंडा आणि हातात सुया. घरातली कुठलीही वस्तू उघडी दिसली की ती बिचारी गारठली असेल असं तिला वाटतं. रिमोटला कव्हर, पाण्याच्या बाटलीला कव्हर, खुर्च्यांच्या पायांना मोजे. दाराच्या मुठीला तर असं गुळगुळीत कव्हर घातलंय की हात नुसता गरागरा फिरतो आणि दार ढिम्म हलत नाही. एकदा त्यांच्याकडे राहायला गेले होते तेव्हा माझ्या चष्म्याच्या डबीला कधी कव्हर चढलं ते मला कळलंच नाही. घरभर डबी शोधत फिरले, आणि ती मेली टेबलावर समोरच पडलेली.

या कव्हरांवरून त्या घरात एकदाच वाजलं होतं. ताईने न्हाणीघरातल्या वजनकाट्याला जांभळं कव्हर घातलं, पायांना गार लागू नये म्हणून. भावोजी काट्यावर उभे राहिले आणि दिसलेला आकडा त्यांना पटेना. कव्हर काढून उभे राहिले, घालून उभे राहिले, पुन्हा काढून उभे राहिले. मग ताईला हाक मारली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मापाच्या वस्तूला कपडे घालायचे नाहीत. कधीच नाही."

ओरडले असते तर ताई संध्याकाळपर्यंत विसरली असती. हळू बोलले म्हणून ते तिच्या मनात जाऊन बसलं. त्यानंतर भावोजींच्या कुठल्याही वस्तूला तिने सुई लावली नाही. निदान आम्ही सगळे तसंच समजत होतो.

आता गाडीविषयी सांगते, कारण सगळं रामायण तिच्यामुळे झालं. भावोजींनी ती निवृत्त झाल्यावर घेतली. हायब्रीड आहे, म्हणजे तिला पेट्रोलचं इंजिनही आहे आणि मागच्या सीटखाली एक मोठी बॅटरीही आहे. कधी इंजिन ओढतं, कधी बॅटरी ओढते, कधी दोघं मिळून ओढतात. ताई म्हणते संसारासारखंच आहे, फक्त इथे कोण ओढतंय ते समोरच्या पडद्यावर दिसतं. त्या पडद्यावर बाण असतात. इकडून तिकडे, तिकडून इकडे. भावोजींचा जीव त्या बाणांवर. सुरुवातीला ताई पुढे बसायची, तर तिला काम असं की तिने रस्त्याकडे बघायचं आणि यांनी बाणांकडे. चार दिवसांत तिने हात टेकले आणि लोकरीचा गुंडा घेऊन मागे जाऊन बसली, डाव्या कोपऱ्यात. तेव्हापासून ती जागा तिची. गाडीला ती 'माझी सवत' म्हणायची, पण सवतीच्या कोपऱ्यात बसून निम्म्या नातेवाइकांचे स्वेटर तिनेच पुरे केले.

मी राहते वर, घाट चढून गेल्यावर जे गाव लागतं तिथे. एकटीच असते. एक आड एक शनिवारी गाडी माझ्या फाटकाशी यायची, मागचं दार उघडायचं आणि आधी लोकरीची पिशवी, मग एक दुखरा गुडघा आणि मग ताई असं सगळं बाहेर पडायचं. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसायचो आणि भावोजी बाहेर बॉनेट उघडून उभे असायचे. बसने यायचं तर तीन ठिकाणी बदलावी लागते, आणि ताईला बसची पायरी चढवत नाही. तेव्हा ती गाडी म्हणजे काय होतं ते मी सरळच सांगते. ती गाडी होती म्हणून मला बहीण होती. नाहीतर फोनवर खोकल्याची चौकशी करण्यापुरती राहिली असती.

आणि ही गाडी जास्त पेट्रोल प्यायला लागली. सुरुवातीची वर्षं लिटरला चोवीस देणारी गाडी उतरत उतरत सोळावर आली. शिवाय चढावर मागून कुठूनतरी घोंघावल्यासारखा आवाज यायचा. गॅरेजवाल्याने बाहेरूनच कान दिला आणि सांगितलं की बॅटरीचा पंखा आहे, बॅटरी म्हातारी झाली की तो असा ओरडतो, नवी बॅटरी घालण्यापेक्षा गाडी काढून टाका. माझा भाचा, म्हणजे ताईचा मुलगा, गाड्यांच्या विम्याच्या कंपनीत आहे. त्याने दिवसभर ठोकरलेल्या गाड्याच बघितलेल्या असतात, त्यामुळे धडधाकट गाडी दिसली तरी त्याला ती भंगारात गेलेलीच दिसते. त्याने लगेच गिऱ्हाईक बघायला घेतलं. म्हणाला, तुम्हाला कुठे जायचं असलं तर रविवारी मी नेत जाईन. चांगल्या मनाने म्हणाला हो, नाही असं नाही. पण त्याचे रविवार कसे असतात ते मला माहीत आहे.

भावोजी इतके दुखावले की त्यांनी पैज लावली. गाडीत काही दोष नाही, देखभालीत कुठेतरी कमी पडलोय, मी तिचं ॲव्हरेज परत आणून दाखवतो. भाचा म्हणाला, चोवीस राहू द्या, वीस आणून दाखवा, मी गाडीचं नावसुद्धा काढणार नाही. टाकी फुल करायची, मावशीच्या घरापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा टाकी फुल करायची आणि हिशोब करायचा. वीस आलं तर गाडी राहिली. नाही आलं तर सोमवारी गिऱ्हाईक घेऊन जाईल. भावोजींनी त्याच्या हातात हात दिला.

मग जे सुरू झालं ते बघायला मी तिथेच होते. माझ्या घराला रंग लावायचा चालला होता म्हणून मी ताईकडे राहायला आले होते. भावोजी रोज सकाळी चहाच्या आधी टायरांतली हवा बघायचे, कारण गाडी फिरली की टायर तापतं आणि आकडा खोटा येतो. पंपावरचं हवेचं मीटर त्यांना पसंत नाही, स्वतःचं आहे. एअर फिल्टर नवा घातला. प्लग बदलले. इंजिनात हवा शिरते तिथली काजळी पुसून काढली. कंपनीने सांगितलं तेच पातळ ऑइल हवं म्हणून तीन दुकानं पालथी घातली. चाकांचं अलाइनमेंट करून आणलं. मग त्यांना शंका आली की ब्रेक कुठेतरी चिकटत असणार. तेव्हा जॅक लावून एकेक चाक उचललं आणि हाताने फिरवून त्याला कान लावून बसले. रस्त्याने जाणारे येणारे थांबून विचारायचे, काही झालंय का? ताई दारातून सांगायची, काही नाही हो, ऐकताहेत.

एक चाक खरंच चिकटत होतं. ते सुटल्यावर भावोजींनी सगळ्या गल्लीला सांगितलं. गॅरेजवाला तर त्यांना लांबून बघितलं की दुसऱ्या गाडीखाली जाऊन झोपायला लागला.

पण एवढं करून गाडी सतराच्या वर जाईना. मग भावोजी वजनाच्या मागे लागले. डिकीतली छत्री काढली, जुनी वर्तमानपत्रं काढली, पायाखालची जाड मॅट काढली. ताईच्या लोकरीच्या पिशवीला वजनकाट्यावर बसवलं. मग मला, न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून, अगदी आदराने विचारलं की मेहुणीबाई, तुमचं आत्ताचं वजन साधारण काय असेल? मी म्हटलं, भावोजी, तुमची गाडी भंगारात गेली तरी चालेल, हा आकडा माझ्याबरोबर जाईल. त्यांनी मनातल्या मनात अंदाज बांधला ते मला दिसलं. तो अंदाज बरोबर असणार याचाच जास्त राग आला.

ताई एकदा स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता म्हणाली, "गाडी गेली ना, तर हे खिडकीत बसून राहतील गं. दुसऱ्यांच्या गाड्या मोजत." मी काहीतरी थट्टा करणार होते, पण तिच्याकडे बघितलं आणि नाही केली.

परीक्षेचा दिवस उजाडला. भावोजींनी पंपावर टाकी भरून घेतली. आता टाकी भरली की नळी आपोआप खट्ट करून थांबते, हे जगात सगळ्यांना पुरतं. भावोजींना पुरत नाही. त्यांनी दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवली, म्हणजे आतली हवा बाहेर येते, आणि पुन्हा भरायला लावली. मग आणखी हलवली, आणखी भरली. पेट्रोल तोंडाशी दिसायला लागलं तेव्हा थांबले. पंपावरचा मिशीवाला मुकाट्याने सगळं करत होता. नोकरीत असताना भावोजींनी त्याच पंपाला एकदा सील ठोकलं होतं, आणि ती दहशत अजून उतरलेली नव्हती.

मग बसण्याची व्यवस्था. भावोजींनी माणसं तराजूत घालावी तशी गाडीत घातली. ते स्वतः भरदार आणि चालवणार उजवीकडून. भाचा काडी, तो डावीकडे पुढे. तेव्हा मागे जड माणूस डावीकडे हवं, म्हणजे काटा मध्ये राहतो आणि चारही टायरांवर सारखा भार येतो. जड माणूस म्हणजे मी. ताई म्हणाली, ती माझी जागा आहे. भावोजी म्हणाले, आजच्या दिवस. मी तणतणत तिच्या कोपऱ्यात शिरले आणि ती उजवीकडे गेली. जाताना ती नको इतकी अस्वस्थ दिसली, पण मला वाटलं सवयीची जागा सुटली म्हणून असेल.

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. एसी बंद, कारण एसी पेट्रोल खातो. खिडक्याही बंद, कारण खिडकी उघडली की वारा गाडीला मागे ढकलतो. आम्ही चौघं बंद डब्यात उकडत होतो. भावोजी ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवत होते की जणू खाली कोणाचं तान्हं मूल झोपलंय. मागून ट्रक येऊन भोंगे वाजवत होते. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि जाताना आत वाकून बघून गेला, सगळे ठीक आहेत ना म्हणून. भाचा फोनकडे बघत बसला होता आणि त्याच्या कानामागून घामाचा ओघळ वाहत होता. मला त्याची जरा दया आली. जरा.

घाट लागला आणि मागचा आवाज सुरू झाला. घूं, घूं, घूं. माझ्या कानाशीच. भाच्याने मान अशी हलवली की भावोजींना दिसावी. पडद्यावरचे बाण सगळे इंजिनाकडून निघत होते, बॅटरीकडून एकही नाही. भावोजींच्या मानेच्या शिरा ताठल्या. मला ते बघवेना, म्हणून मी नजर खाली वळवली.

तर माझ्या कोपराच्या खाली, सीटच्या कडेला, वितीएवढी एक चौकोनी जागा होती. तिचा रंग सीटसारखाच राखाडी, पण कापड सीटचं नव्हतं. वीण होती. पानापानांची, बारीक, कडा आत नीट दुमडलेल्या. अशी पानं विणणारी जगात एकच बाई मला माहीत आहे. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी डोळ्यांनी विचारलं, हे काय? ताई माझ्या कानाशी वाकून कुजबुजली की तिथे एक जाळी आहे, तिच्यातून गार वारा खेचल्यासारखा गुडघ्याला लागायचा, म्हणून मागे केव्हातरी भावोजी गॅरेजच्या माणसाशी बोलत उभे असताना तिने ते बसवून टाकलं. सीटच्या रंगाची लोकर मिळवायला दोन बाजार फिरली होती. "ह्यांना ठाऊक नाही. बोलू नकोस."

मी कशाला बोलते? मला गाडीतलं काय कळतं? मी नुसती वीण बघायला म्हणून बोट घातलं, तर ते कव्हर जाळीला असं घट्ट चिकटलेलं की जणू आतून कोणी दातांनी धरून ठेवलंय. मला अशा वस्तूचा राग येतो. मी दोन बोटांनी धरून ओढलं. दुधावरची साय यावी तसं ते अख्खं निघून आलं, आणि त्याच्या मागे राखाडी लोकरीचे तंतू, धूळ आणि केस यांचा एक जाड थर, तोही निम्मा त्याच्याबरोबर आला. आणि त्याच क्षणी घूं घूं थांबलं. म्हणजे बंद नाही पडलं, पण कण्हणाऱ्या माणसाने सुस्कारा सोडावा तसं खाली आलं.

भावोजींना गाडीत माशी शिंकली तरी कळतं. त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरले आणि वळसा घालून माझ्या दाराशी आले. भाचाही उतरला. माझ्या हातात कव्हर तसंच लोंबकळत होतं. लपवायला कुठे जागाच नव्हती, माझी पर्ससुद्धा वजनाच्या नावाखाली घरी ठेवायला लावलेली.

भावोजी वाकले. जाळी बघितली. तिच्यावरचा थर बोटाने खरवडला. मग जाळीला तळहात लावून धरला. माझ्यासारखीलाही तेव्हा समजलं. त्या मोठ्या बॅटरीला गारवा लागतो आणि तो गारवा या जाळीतून आत जातो. इतकी वर्षं ताईच्या लोकरीचे तंतू तिथे जाऊन बसत होते, आणि वर तिने झाकण घातलं होतं. बॅटरी आत गुदमरून तापत होती, काम टाकत होती, आणि सगळा भार इंजिनावर येत होता. प्लग, फिल्टर, ऑइल, चाकाला लावलेला कान, सगळं एका बाजूला आणि हे वितीएवढं पानांचं कापड एका बाजूला. मागच्या सीटवर बसून कोणी बघितलंच नव्हतं. मागे ताई बसते ना.

भाच्याने ते कव्हर माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "आई, हे तू घातलंस?"

ताईचा चेहरा उतरला. तिने मांडीवरच्या सुया घट्ट धरल्या. मला ठाऊक होतं तिला काय ऐकू येतंय, ते हळू आवाजातलं वाक्य, न्हाणीघरातलं. मी काहीतरी थाप मारणार होते, माझंच आहे, मी घातलं, असं काहीही. पण मला तोंड उघडायला वेळच मिळाला नाही.

"मी सांगितलं होतं तिला," भावोजी म्हणाले. "आत धूळ जाऊ नये म्हणून. माझं चुकलं."

भाचा त्यांच्याकडे बघतच राहिला. मीही. त्यांच्या लग्नात मी पहिली करवली होते, तेव्हापासून ओळखते या माणसाला. दोन शब्दांचं हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं, आणि खोटं तर मुळीच नव्हतं ऐकलं. आज एका दमात दोन्ही. तेही अशा माणसाकडून, ज्याने त्याच सकाळी माझी पर्स मापात बसत नाही म्हणून काढून ठेवायला लावली होती. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भावोजींनी डिकीतून दात घासायचा जुना ब्रश काढला, माझ्या केसातली पिन मागून घेतली आणि गुडघ्यांवर बसून जाळी साफ केली. ताईकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर ती रडली असती, आणि ते त्यांना कळत होतं.

पुढे माझ्या घरी गेलो, रंगाच्या वासात उभ्याउभ्या चहा घेतला आणि परत फिरलो. तोवर बॅटरी निवली असावी. येताना गाडीचा आवाज म्हणून नाही. पडद्यावर बाण दोन्हीकडून पळत होते. बाणांवर भाषण होईल म्हणून मी कान घट्ट केले होते, पण भावोजी गप्प होते. ताईच्या हातात सुया नव्हत्या. ती खिडकीबाहेर बघत होती, आणि मधूनच आरशात.

पंपावर आलो. तोच पंप, तोच मिशीवाला. पेट्रोल भरलं, नळी खट्ट करून थांबली. भाच्याने फोनवर भागाकार केला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. वीस, आणि वर थोडं. ताईने माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

"सकाळी काठोकाठ भरली होती," भावोजी म्हणाले. "घाल अजून."

मी कपाळाला हात लावला. भाचा म्हणाला, बाबा, नळी थांबली, झालं की. ताई म्हणाली, अहो, पुरे. मिशीवाल्यानेसुद्धा नळी मागे घेतली, म्हणाला, साहेब, जाऊ द्या ना. पण साहेबांनी दोन्ही हात गाडीला लावले आणि हलवायला सुरुवात केली. स्वतःच्या हाताने स्वतःची गाडी घालवायला निघालेला माणूस मी पहिल्यांदा बघत होते. मला त्यांना हाणावंसं वाटलं, खरंच सांगते. दिवसाला एक खोटं त्यांनी पचवलं होतं, दुसरं त्यांच्या पोटात राहणं शक्य नव्हतं. गाडी हलत होती, पेट्रोल जात होतं आणि भाच्याच्या फोनवरचा आकडा खाली येत होता. पेट्रोल तोंडाशी दिसलं तेव्हा तो वीसच्या खाली उतरला होता. जेमतेम. पण खाली.

भावोजींनी टाकीचं झाकण लावलं, रुमालाने पुसलं, आणि झाकणावर हात ठेवूनच उभे राहिले. "नाही भरलं माप," म्हणाले. "सोमवारी बोलाव त्याला."

भाचा फोनकडे बघत होता. मग त्याने खिशातून ते राखाडी कव्हर काढलं. घाटात त्याच्याचकडे राहिलं होतं. त्याने त्या पानांवरून अंगठा फिरवला, गाडीतल्या आईकडे बघितलं आणि मग वडिलांना विचारलं, "बाबा, तुम्ही तपासणीला गेलात आणि तराजूच्या काट्यात काहीतरी अडकलेलं सापडलं, तर अडकलेलं असताना केलेलं वजन धरायचात का?"

भावोजी चटकन म्हणाले, "छे. ते रद्द. आधी काटा मोकळा करायचा."

"आणि मग?"

"मग नव्याने वजन."

"मग आजचं रद्द," भाचा म्हणाला आणि फोन खिशात टाकला. "मोकळ्या काट्याने पुढच्या वर्षी बघू. मी विसरलो तर आठवण करू नका."

हरकत घ्यायला भावोजींनी तोंड उघडलं, पण नियम त्यांचाच होता, त्यात खोट काढणार कशी? शेवटी त्यांनी नुसती मान हलवली, खात्यातल्या कागदावर सही करावी तशी. भाच्याला सगळं कळलेलं होतं. ते कव्हर कोणाचं, कोणी सांगितलं आणि कोणी नाही, सगळं. विम्यात असला म्हणून काय झालं, माझ्या बहिणीचाच मुलगा आहे तो.

घराला रंग लावून झाला, मी वर परत आले. पुढच्या शनिवारी फाटकाशी गाडी थांबली. आवाज आलाच नाही म्हणून मला उशिरा कळलं. मी बाहेर आले तोवर भावोजी बॉनेट उघडून उभे होते आणि शेजाऱ्याला सांगत होते की लिटरला बावीस देतेय, सगळी टायरातल्या हवेची करामत आहे, लोक हवेकडे लक्ष देत नाहीत. मागचं दार उघडलं, लोकरीची पिशवी आली, गुडघा आला, ताई आली.

आत येऊन बसली आणि लगेच सुया काढल्या. राखाडी लोकर, पण वीण निराळीच. मोठमोठी भोकं, नुसती जाळीच म्हणा ना. ताईच्या हातून असलं विरळ काम मी कधी बघितलं नव्हतं. मी विचारलं, हे काय गं मासे पकडायचं चाललंय? ती म्हणाली, गाडीतल्या जाळीवर लावायला. तंतू वरच अडकतील, आत जाणार नाहीत, आणि दर रविवारी काढून धुवायचं. भोक केवढं हवं ते भावोजींनी कागदावर काढून दिलं होतं, पट्टीने मोजून.

मी तिच्याकडे नुसतं बघितलं. ती टाके मोजत होती. मान वर न करताच म्हणाली,

"या वेळी खरंच ह्यांनी सांगितलंय."